डूमचे दरवाजे वर का सरकतात?

संगणकावरचे खेळ म्हटले की बहुतेक शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. अभ्यासाचा वेळ खाणारी, डोळ्यांना ताण देणारी आणि मारामारीची गोडी लावणारी करमणूक, एवढीच त्यांची ओळख असते. ही तक्रार निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्याकडे पुढे वळूच. पण हे खेळ तयार कसे होतात, त्यांत कोणते गणित असते आणि ते गणित कुठून येते, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

या लेखात एका छोट्या स्वतंत्र कंपनीचा इतिहास सांगायचा आहे. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर ही ती कंपनी. १९९१ साली चार तरुणांनी ती सुरू केली आणि २००९ पर्यंत ती दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या मालकीची नव्हती. तिच्या खेळांचा खप मोठा होता, पण आम्हाला तिचा इतिहास वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. शोधनिबंधातील कल्पना खेळात कशी उतरते, खेळाची आज्ञावली पुन्हा सर्वांसाठी खुली कशी होते, आणि ज्ञानाची ही वाट अडवली तर काय घडते, हे तिन्ही या एकाच इतिहासात पाहायला मिळते.

जे बदलले तेवढेच रंगवा

लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट या गावी सॉफ्टडिस्क नावाची कंपनी होती. मासिकाची वर्गणी भरावी तशी तिची वर्गणी भरली की दर महिन्याला प्रोग्रॅम भरलेली फ्लॉपी घरी येई. १९९० मध्ये येथे जॉन रोमेरो, जॉन कारमॅक, टॉम हॉल आणि चित्रकार एड्रियन कारमॅक हे चौघे एकत्र काम करत होते. दोन्ही कारमॅकांचे आडनाव सारखे. नाते काहीच नाही. जॉन कारमॅकचे वय त्या वेळी वीस वर्षांचे होते आणि विद्यापीठाचे शिक्षण त्याने दोन सत्रांनंतर सोडले होते.

त्या काळचा पीसी हा कचेरीत वापरायचा संगणक होता. निन्टेंडोच्या खेळयंत्रात पडद्यावरचे दृश्य हळुवार सरकवण्यासाठी खास मंडले असत. पीसीला सगळा पडदा पुन्हा रंगवावा लागे, आणि एका सेकंदात तो अनेकदा रंगवण्याइतका वेग त्याच्यात नव्हता. कारमॅकने यावर साधा विचार केला. खेळाचे दृश्य छोट्या चौकोनी फरशांचे बनलेले असते. दृश्य एका फरशीइतके डावीकडे सरकले, तर आकाशाच्या फरशीच्या जागी पुन्हा आकाशाचीच फरशी येते. मग ती पुन्हा कशाला रंगवायची? जेथे फरशी खरोखर बदलली तेवढीच रंगवावी. फरशीहून कमी अंतराचे सरकणे चित्रकार्डाच्या अंगभूत सोयीवर सोपवावे. सप्टेंबर १९९० मध्ये कारमॅक आणि हॉल यांनी एका रात्रीत निन्टेंडोच्या प्रसिद्ध मारिओ खेळाचा पहिला टप्पा पीसीवर हुबेहूब उतरवून दाखवला. निन्टेंडोला या कामात रस वाटला नाही. पण युक्ती हाती आली होती.

टेक्सासमधील अपोजी या कंपनीचे स्कॉट मिलर यांनी त्यांना विक्रीची एक नवी तऱ्हा सुचवली. खेळाचा पहिला भाग फुकट वाटायचा. ज्यांना आवडेल ते पैसे पाठवून पुढचे भाग मागवतील. १४ डिसेंबर १९९० रोजी ‘कमांडर कीन’ हा खेळ असा बाहेर पडला. विक्रीतील वाट्याचा पहिला धनादेश दहा हजार डॉलरांहून थोडा अधिक रकमेचा होता. त्यावर नोकरी सोडण्याचा निर्णय झाला आणि १ फेब्रुवारी १९९१ रोजी इड सॉफ्टवेअरची स्थापना झाली. या आरंभाला एक काळी किनार आहे. कीन तयार करताना चौघांनी सुट्टीच्या दिवशी मालकाचे संगणक गुपचूप घरी नेऊन वापरले होते. हे उघडकीला आल्यावर तडजोड झाली, आणि नवी कंपनी निघाल्यानंतरही सॉफ्टडिस्कसाठी काही खेळ त्यांना करून द्यावे लागले.

एका स्तंभाला एक किरण

पुढची पायरी खोलीची. खेळणाऱ्याला आपण प्रत्यक्ष बोळातून चालत आहोत असे वाटले पाहिजे. पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २०० असे ६४,००० बिंदू होते. प्रत्येक बिंदूसाठी वेगळा हिशेब करणे त्या संगणकांना शक्य नव्हते.

मे १९९२ मधील ‘वुल्फेनस्टाइन ३डी’ या खेळात हा हिशेब ३२० वर आणला गेला. त्यासाठी नकाशा चौकटीच्या कागदासारखा घेतला. भिंती फक्त काटकोनात आणि सगळ्या एकाच उंचीच्या. पडद्यावरच्या प्रत्येक उभ्या स्तंभासाठी डोळ्यापासून एक किरण सोडायचा, तो किती अंतरावर भिंतीला लागतो ते पाहायचे आणि तितक्या उंचीची उभी पट्टी रंगवायची. अंतर दुप्पट झाले की पट्टीची उंची निम्मी. समरूप त्रिकोणांचा हा नियम आपण शाळेतच शिकवतो. झाडाची किंवा इमारतीची उंची सावलीवरून काढण्याचा जो प्रयोग आपण मैदानावर करतो, त्याच नियमावर हा खेळ उभा होता.

प्रश्न साधा: कोण पुढे, कोण मागे?

आता कंपनी टेक्सासमधील डॅलसजवळ मेस्क्विट येथे स्थिरावली होती. पुढच्या खेळाला, म्हणजे ‘डूम’ला, चौकटीचा कागद पुरणार नव्हता. भिंती कोणत्याही कोनात हव्या होत्या, जिने हवे होते, कमी-अधिक उंचीची छते हवी होती. अशा वेळी अवघड प्रश्न येतो तो म्हणजे कोणती भिंत पुढे आणि कोणती मागे. खेळणारा पाऊल टाकतो, वळतो, आणि हा क्रम बदलतो. शेकडो भिंतींचा क्रम दर सेकंदाला अनेकदा नव्याने लावणे म्हणजे संगणकाची दमछाक.

या प्रश्नाचे उत्तर आधीच छापलेले होते. १९६९ मध्ये शूमाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी हवाई दलासाठी एक अहवाल लिहिला होता. वैमानिकांना जमिनीवरच उड्डाणाचे शिक्षण देणाऱ्या यंत्रात दृश्ये कशी दाखवावीत, हा त्याचा विषय होता. त्यातील कल्पना पुढे नेऊन हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर या तीन संशोधकांनी १९८० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. कारमॅकने तो वाचला आणि आपल्या कामात वापरला.

निबंधातील युक्ती फळ्यावर दाखवता येते. वरून पाहिल्यासारखा खोल्यांचा नकाशा काढा. एक भिंत निवडून ती दोन्ही बाजूंना वाढवा. नकाशाचे दोन भाग होतात. आता एक गोष्ट निश्चित आहे: ज्या भागात आपण उभे आहोत त्या भागातील वस्तू पलीकडच्या वस्तूंना झाकू शकतात, पण पलीकडची वस्तू अलीकडच्या वस्तूला कधीच झाकू शकत नाही. म्हणजे अलीकडचा भाग आधी, मग ती भिंत, मग पलीकडचा भाग, असा क्रम आपोआप लागला. आता प्रत्येक भागात पुन्हा एक भिंत निवडून तेच करा. एखादी भिंत रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरली असेल तर तिचे दोन तुकडे करा. अशी विभागणी करत गेले की एक वृक्ष तयार होतो; त्याच्या प्रत्येक फांद्यावर दोनच वाटा असतात.

आपण कोणत्या बाजूला आहोत हे कसे ओळखायचे? त्याला निर्देशक भूमिती पुरते. वाढवलेल्या भिंतीचे समीकरण २क्ष − य + १ = ० असे धरू. खेळणारा (३, २) या बिंदूवर आहे. डाव्या बाजूत किंमती घातल्या तर ६ − २ + १ = ५, म्हणजे धन. दुसरी एक वस्तू (०, ४) येथे आहे. तिच्यासाठी ० − ४ + १ = −३, म्हणजे ऋण. चिन्हे वेगळी, म्हणून ती वस्तू रेषेच्या पलीकडे. एक गुणाकार, एक वजाबाकी, एक बेरीज आणि चिन्हाकडे नजर, एवढेच काम. विद्यार्थी जेव्हा विचारतात की रेषेचे समीकरण कशासाठी शिकायचे, तेव्हा हे उदाहरण हाताशी असावे.

यातील खरी खुबी अशी की वृक्ष तयार करण्याचे कष्ट एकदाच, खेळ बाजारात येण्यापूर्वी, करून ठेवता येतात. शब्दकोश रचायला वर्षे लागतात. पण तो अकारविल्हे लावलेला असल्यामुळे शब्द क्षणात सापडतो. तसेच हे. खेळताना संगणकाने फक्त वृक्षावरून फिरायचे आणि जवळची भिंत आधी रंगवायची. पडद्याचा जो उभा स्तंभ पुरता झाकला गेला तेथे पुन्हा हात लावायचा नाही. सगळे स्तंभ भरले की मागे उरलेल्या भिंतींकडे पाहायचेही कारण नाही.

आता शीर्षकातील प्रश्न. डूममधील दरवाजे बिजागरीवर फिरत नाहीत, दुकानाच्या शटरसारखे वर सरकतात. याचे कारण या वृक्षातच आहे. वृक्ष नकाशावरून बनवलेला असल्यामुळे खेळ चालू असताना नकाशावरील भिंतीची जागा बदलली तर तो निरुपयोगी होईल. उंची मात्र नकाशात नसते. ती प्रत्येक खोलीला जोडलेली एक संख्या असते. ती हवी तशी बदलता येते. म्हणून दरवाजा वर जातो, जमीन लिफ्टसारखी खालीवर होते, पण भिंत बाजूला सरकत नाही. याच कारणाने डूममध्ये एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली असू शकत नाही.

मग कारमॅकचे श्रेय काय? वृक्ष त्याने शोधला नाही. पण प्रश्न केवळ नकाशापुरता मर्यादित केला, तर विद्यापीठे आणि हवाई दले यांच्या यंत्रांसाठी सुचलेली कल्पना घरगुती संगणकावर वेगाने चालेल, हे त्याने ओळखले. कोणती मर्यादा स्वीकारल्याने सर्वात जास्त काम हलके होते हे कळणे, हीसुद्धा प्रतिभाच म्हणावी लागेल.

१० डिसेंबर १९९३ रोजी डूमचा फुकट भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एका संगणकावर ठेवण्यात आला. तो उतरवून घेण्यासाठी इतके लोक आधीच जोडलेले होते की पाठवणाऱ्यालाच आत शिरायला जागा मिळेना! एवढा गाजावाजा झालेला हा खेळ करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती.

हिंसेचा आक्षेप

डूम हा रक्तपाताचा खेळ आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ते दोघे डूम खेळत असत, आणि या खेळावर जगभर टीका झाली. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांवर गुदरलेला दावा न्यायालयाने २००२ मध्ये फेटाळला. खेळातील हिंसा आणि प्रत्यक्ष वर्तन यांच्या संबंधाबद्दल संशोधकांत एकमत नाही. आम्ही शाळकरी मुलांच्या हाती हा खेळ द्यावा असे सुचवत नाही. त्यातील भूमिती समजून घ्यायला कागद, पेन्सिल आणि फळा पुरतो.

कपाट उघडले

खेळ विकत घेणाऱ्याला चालणारा प्रोग्रॅम मिळतो. तो ज्या भाषेत लिहिला ती मूळ आज्ञावली कंपन्या सहसा कुलपात ठेवतात. इडने हे कुलूप काढले. १९९५ मध्ये वुल्फेनस्टाइनची आणि डिसेंबर १९९७ मध्ये डूमची आज्ञावली प्रसिद्ध झाली. १९९९ मध्ये डूमला जीएनयूचा सार्वजनिक परवाना लागू झाला. म्हणजे कोणीही ती वाचावी, बदलावी, वाटावी, अट एवढीच की बदललेली आज्ञावली वाटताना तीही खुली ठेवावी. १९९६ च्या ‘क्वेक’ची आज्ञावली डिसेंबर १९९९ मध्ये याच परवान्याखाली आली. क्वेकचे काम चालू असतानाच त्यातील एक प्रोग्रॅमर मायकेल अ‍ॅब्रॅश आतील युक्त्या आणि फसलेले प्रयत्नही लेखांतून मांडत होता.

याला निखळ दानशूरपणा म्हणता येणार नाही. आज्ञावली खुली होई ती कंपनी पुढच्या खेळाकडे वळल्यावर. तोपर्यंत ती इतर कंपन्यांना पैसे घेऊन वापरायला दिली जाई. १९९८ चा ‘हाफ-लाइफ’ हा गाजलेला खेळ क्वेकच्या आज्ञावलीतूनच घडला. चित्रे, आवाज आणि नकाशे यांचे हक्कही कंपनीने सोडले नाहीत. पण आधी कमवा आणि मग खुले करा ही रीतसुद्धा या व्यवसायात दुर्मिळ होती. तिचा परिणाम असा झाला की पुढे डूम गणकयंत्रांवर आणि छपाईयंत्राच्या इवल्या पडद्यावरही चालवून दाखवला गेला, आणि असंख्य विद्यार्थ्यांनी खरी, काम करणारी आज्ञावली कशी दिसते ते पहिल्यांदा पाहिले.

वर्गमुळाचे श्रेय कोणाचे?

खुल्या आज्ञावलीमुळे आणखी एक गोष्ट घडली. १९९९ च्या ‘क्वेक ३’ची आज्ञावली २००५ मध्ये खुली झाली, तेव्हा त्यातील काही ओळींनी लोक चक्रावले. पृष्ठभागावर प्रकाश किती तिरका पडतो हे काढताना एखाद्या संख्येच्या वर्गमुळाने वारंवार भागावे लागते. हे काम संथ. या ओळींत मात्र वर्गमूळ कोठेच काढलेले नव्हते. संख्या संगणकात ज्या अंकांच्या रूपात साठवलेली असते ते अंक पूर्णांक समजून वाचायचे, त्याची निमपट करायची आणि ती १५९७४६३००७ या पूर्णांकातून वजा करायची. मिळालेले अंक पुन्हा मूळ रूपात वाचले की उत्तराचा चांगला अंदाज तयार!

लॉगॅरिथमचे तक्ते वापरलेल्या पिढीला यातील मर्म लगेच कळेल. संगणकात संख्या घातांक आणि उरलेला अपूर्णांक अशी साठवतात. ते अंक पूर्णांक म्हणून वाचले की तो पूर्णांक लॉगॅरिथमसारखा वागतो. वर्गमूळ काढणे म्हणजे लॉगॅरिथमची निमपट करणे, आणि व्यस्त घेणे म्हणजे चिन्ह बदलणे. त्यानंतर न्यूटनच्या पद्धतीची एक फेरी होते: नवा अंदाज = जुना अंदाज × (१.५ − ०.५ × संख्या × जुन्या अंदाजाचा वर्ग). संख्या ४ घ्या. खरे उत्तर ०.५. जुना अंदाज ०.४८ असेल तर नवा ०.४९८८ येतो. चार टक्क्यांची चूक एका फेरीत पाव टक्क्याच्या आत आली. विद्यार्थ्यांकडून हे जरूर करून घ्यावे.

ही युक्ती कारमॅकच्या नावावर जमा झाली. विचारणा झाली तेव्हा त्याने ती आपली नसल्याचे सांगितले. रिस सॉमफेल्ट या लेखकाने २००६–०७ मध्ये माग काढला, तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस आर्डेंट या संगणक कंपनीत काम करणाऱ्या ग्रेग वॉल्श यांच्यापर्यंत गेला. त्यांना ही प्रेरणा मॅटलॅबचे जनक क्लीव्ह मोलर यांच्याकडून मिळाली होती. आणि त्यामागे विल्यम काहान व के. सी. एन्ग यांचे १९८६ चे काम होते. आज्ञावली बंद असती तर युक्तीही दिसली नसती आणि तिची खरी वंशावळही.

सावलीवर मालकी

आता उलट बाजू. ऑगस्ट २००४ मध्ये ‘डूम ३’ आला. त्यातील सावल्या त्या क्षणी मोजून काढलेल्या होत्या. पद्धत फ्रँकलिन क्रो यांनी १९७७ मध्ये मांडलेली. दिव्यासमोर वस्तू ठेवली की तिच्या मागे अंधाराचा एक घनाकार तयार होतो. डोळ्यापासून एखाद्या बिंदूपर्यंत जाताना आपण अशा किती अंधारांत शिरलो आणि किती अंधारांतून बाहेर पडलो ते मोजायचे. बेरीज-वजाबाकी शून्य नसेल तर तो बिंदू सावलीत. अडचण अशी की डोळाच सावलीत असेल तर मोजणी चुकते. २००० साली कारमॅकला उपाय सुचला: मोजणी डोळ्याच्या बाजूने न करता बिंदूच्या पलीकडून करावी.

पण हाच उपाय क्रिएटिव्ह लॅब्ज या कंपनीतील दोघांना आधीच स्वतंत्रपणे सुचला होता आणि कंपनीने त्याचे पेटंट घेतले होते. परिणामी इडला तिच्याशी समझोता करावा लागला, आणि डूम ३ मध्ये तिच्या ध्वनितंत्राची सोय घालण्यात आली. नोव्हेंबर २०११ मध्ये या खेळाची आज्ञावली खुली करताना पुन्हा तोच अडसर आला. पेटंट टाळण्यासाठी कारमॅकला तेवढा भाग फिरवून लिहावा लागला: चार ओळी नव्या, दोन बदललेल्या.

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. वृक्षाची कल्पना प्रसिद्ध झालेल्या निबंधात होती. विद्यापीठाची पदवी नसलेल्या तरुणाने ती वाचली, वापरली, आणि तिचे नवे रूप जगाला परत मिळाले. सावलीची मोजणी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली. पण एकाने तिच्यावर कायद्याची मालकी सांगितल्यामुळे दुसऱ्याला स्वतःच्या बुद्धीने सुचलेली गोष्टही मोकळेपणाने वापरता आली नाही. शोध लावणाऱ्याला मोबदला मिळावा हे पेटंटमागचे तत्त्व चुकीचे नाही. परंतु गणिताच्या एका पायरीवर अशी मालकी असावी का, हा प्रश्न वरच्या वर्गांत चर्चेला घेण्याजोगा आहे.

जून २००९ मध्ये झेनिमॅक्स या कंपनीने इड विकत घेतली. २०२१ मध्ये झेनिमॅक्सच मायक्रोसॉफ्टकडे गेली. स्थापना करणाऱ्या चौघांपैकी हॉल १९९३ मध्ये, रोमेरो १९९६ मध्ये, एड्रियन कारमॅक २००५ मध्ये आणि जॉन कारमॅक २०१३ मध्ये बाहेर पडले. स्वतंत्र कंपनी म्हणून इडचे आयुष्य अठरा वर्षांचे. या अठरा वर्षांत लिहिलेल्या आज्ञावलीतील मोठा भाग मात्र आजही कोणालाही वाचता येतो.

गणिताच्या वहीत आपण विद्यार्थ्याला नुसते उत्तर लिहू देत नाही. रीत दाखव म्हणून बजावतो. रीत दाखवली तरच चूक सापडते, शेजारचा शिकतो आणि कोणी काय केले ते कळते. विज्ञान याच शिस्तीवर उभे आहे, आणि एका छोट्या खेळकंपनीनेही, आपला नफा सांभाळून का होईना, आपली रीत जगाला दाखवली.